दहा मिनिटांचा आयटम

क्विझमधला हमखास प्रश्न : पहिला भारतीय कथापट कुठला? 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३, गिरगावचं कोरोनेशन. सोपं होतं! आता पुढचा : त्या दिवसांत सिनेमाच्या जोडीला तिथे स्टेजवर कोण होतं?

जाहिरातीत नावं आहेत. मिस आयरिन डेलमार यांचा डान्स, मॅक्लेमेंट्स मंडळींचं विनोदी स्किट, पायांवर कसरती करणारा अलेक्झांडर आणि 'टिप-टॉप कॉमिकल्स'. थोडक्यात, आपला ऐतिहासिक सिनेमा आला तोच मुळी एका व्हरायटी शोमधून. अमेरिकेत या प्रकाराला वॉडव्हिल म्हणायचे. नाच, नकला, जादू, कसरती. एकेकाला दहा-पंधरा मिनिटं, की पुढचा आयटम.

मास कॉमला असताना मूक विनोदपट बघून आम्ही हसून हसून लोळायचो. पण ही मंडळी इतकी तयार कशी, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. उत्तर स्टेजवर आहे. बस्टर कीटन लहानपणापासून आई-बाबांसोबत 'द थ्री कीटन्स'मध्ये काम करायचा. बाबा त्याला चक्क उचलून फेकायचे. पकडायला सोपं जावं म्हणून कपड्यांना बॅगेची मूठ शिवलेली! १९१७ मध्ये 'द बुचर बॉय' या पहिल्याच शॉर्ट फिल्ममध्ये पिठाची पिशवी त्याच्या तोंडावर येऊन आदळते, तेव्हा त्याच्या गाठीशी अनेक वर्षांचं पडणं होतं. चॅप्लिनही फ्रेड कार्नोच्या कंपनीतून स्टेज गाजवत १९१४ मध्ये पडद्यावर आला.

आपलं पीठ

आपल्याकडेही पीठच! 'मोहिनी भस्मासूर'च्या जोडीला फाळक्यांनी 'पिठाचे पंजे' ही छोटी विनोदी फिल्म दाखवली. आयडिया नवी नव्हती. पौराणिक नाटक झालं की फार्स, ही आपल्या रंगभूमीची जुनीच सवय. फाळक्यांनी ती पडद्यावर आणली. मोहिनी झालेल्या कमलाबाई आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत याही फिरत्या नाटक कंपनीतल्याच. आणि खुद्द दादासाहेब? पक्के जादूगार! फाळके हे नाव उलटं करून ते 'प्रोफेसर केळफा' व्हायचे. त्यांच्या जादूच्या प्रयोगांचीही फिल्म आहे.

पुढे १९४० मध्ये 'लग्न पहावे करून' आला. चिमणराव झाले दामुअण्णा मालवणकर, गुंड्याभाऊ झाले विष्णुपंत जोग. दोघंही स्टेजवर तयार झालेले. दामुअण्णांची ती तिरपी नजर कॅमेऱ्यासमोर यायच्या आधीच थिएटरात हशा पिकवत होती.

मग बिघडलं काय?

वॉडव्हिलचं गणित साधं होतं. एक आयटम नीट बसवला की तो वर्षानुवर्षं पुरायचा. कारण गाव रोज नवं, पब्लिक रोज नवं. आज इथे हशा कमी पडला, तर उद्या पुढच्या गावात एक पॉज वाढवायचा. सिनेमाने हा आयटम एकाच झटक्यात सगळीकडे पोहोचवला. ज्याला बोलावणं आलं तो स्टार झाला. ज्याला आलं नाही, त्याचा आयटम लोकांनी आधीच पडद्यावर पाहिलेला!

आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना हे गणित परकं नाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०५ मधल्या पहिल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते. नाटकांचा शौक इथे तेव्हापासूनचा. गावोगावच्या दंडारीत सोंग काढणारा गडीही तोच विनोद पुन्हा पुन्हा करतो, आणि लोक तो येण्याची वाट बघतात. 'चला हवा येऊ द्या'मधून भारत गणेशपुरेंनी आपली बोली घराघरांत नेली. तो शोसुद्धा स्किटचाच. म्हणजे वॉडव्हिलचा चुलत नातू म्हणा ना.

आता अमरावती-अकोल्यातली पोरं मोबाइलवर वऱ्हाडी रील्स करतात. काहींचं टायमिंग खरंच भन्नाट असतं. पण सकाळी टाकलेला जोक संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर तीनदा फिरून शिळा होतो. खाली लगेच कॉमेंट : 'काहून बे, नवीन काय?' कीटनला घडायला वर्षं मिळाली. या पोराला उद्या सकाळपर्यंतची मुदत!

मला रील्स बंद व्हायला नकोत. मीही तासन् तास बघते. पण यातलं कुणी शनिवारी शहरातल्या एखाद्या हॉलमध्ये तासाभराचा प्रयोग लावत असेल, तर तिकीट काढून जा. रीलवर पाहिलेलाच जोक तिथे पुन्हा ऐकू आला, तरी तोंड वाकडं करू नका. कदाचित तो आज एक पॉज जास्त घेईल. आयटम असाच तर पिकतो.