'सून' म्हणजे नक्की कधी?

"आई, भूक लागली!"

"आलेच हं!"

मग आई येते केव्हा? आमटीला फोडणी घालून, दारात आलेल्या काकूंशी चार शब्द बोलून, चांगली पंधरा मिनिटांनी! आणि आपण तरी काय करतो? बाबा म्हणतात, "अभ्यासाला बस." आपण म्हणतो, "आत्ता बसतो." आणि क्रिकेटची आणखी दोन षटकं टाकूनच घरात शिरतो.

दोस्तहो, ही सवय काही फक्त आपलीच नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तर याच सवयीपायी एका शब्दाचा अर्थच बदलून टाकला! तो शब्द म्हणजे 'सून'. लग्न होऊन घरात येते ती सून नव्हे बरं का! पत्राच्या शेवटी 'सी यू सून' असं लिहितात ना, त्यातला सून.

आज 'सून' म्हणजे 'लवकरच'. हे 'लवकरच' किती लवकर, ते काही नक्की नाही. तासाभरात, आठवड्यात, कदाचित महिन्यानंतरही! पण सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सोना' असा होता आणि त्याचा अर्थ होता 'ताबडतोब', 'त्याच क्षणी'. मग झालं काय? लोक 'ताबडतोब येतो' म्हणायचे आणि उशिरा यायचे. ऐकणाऱ्यांनाही ते सवयीचं झालं. असं पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं आणि 'ताबडतोब'चा 'लवकरच' होऊन बसला.

बरं, हे एकदाच घडलं असंही नाही. 'ॲनॉन' हा असाच एक जुना शब्द. त्याचं मूळ 'ऑन' आणि 'वन' या शब्दांच्या जुन्या रूपांत आहे. म्हणजे 'एकात', एका झटक्यात! आपल्या 'एकदम'सारखंच की हे. 'दम' हा फारसी शब्द, अर्थ श्वास. एकदम म्हणजे एका श्वासात. पण 'ॲनॉन'ही ढिला पडला. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागात गुत्त्यात काम करणारा फ्रान्सिस नावाचा पोऱ्या आहे. गिऱ्हाइकांनी हाक मारली, की तो 'ॲनॉन, ॲनॉन' म्हणत राहतो. म्हणजे 'आलो, आलो!' पण जागचा हलत मात्र नाही.

'प्रेझेंटली'ची तीच गत. आधी अर्थ 'या क्षणी', नंतर झाला 'थोड्या वेळाने'. 'बाय अँड बाय'चंही तसंच. 1611 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये तो 'ताबडतोब' या अर्थाने आला आहे. आज त्याचा अर्थ 'काही वेळाने, यथावकाश'!

जुना शब्द ढिला पडला, की खरोखरच घाई असलेल्याने काय म्हणायचं? मग नवा शब्द लागतो. 'इमीजिएटली' हा मूळचा लॅटिन शब्द असाच उपयोगी पडला. 'इम' म्हणजे नाही आणि 'मीडिअस' म्हणजे मधला. सांगणं आणि करणं यांच्या मध्ये काहीच नाही!

आता खरी गंमत ऐका. 'सून'चा तो हजार वर्षांपूर्वीचा अर्थ अजून जिवंत आहे आणि तो तुमच्या दप्तरातच आहे! व्याकरणाच्या पेपरात 'ॲज सून ॲज'चं वाक्य 'नो सूनर... दॅन' वापरून बदलायला सांगतात ना? 'ॲज सून ॲज द बेल रँग, द बॉइज रॅन आउट.' इथे मुलं 'लवकरच' पळाली असा अर्थ आहे का? मुळीच नाही! घंटा झाली रे झाली, की मुलं पळाली. मध्ये एका क्षणाचीही उसंत नाही. एकटा 'सून' आळशी झाला, पण या जोडीत तो अजून तितकाच चपळ आहे.

म्हणजे शब्दाचा काही दोष नाही. आपण जसं वागतो, तसा शब्दाला अर्थ येतो. घरातला धाकटा भाऊ "दादा, खेळायला चल ना" म्हणतो, तेव्हा आपण 'आत्ता येतो' म्हणून तासभर गेलोच नाही, तर त्याच्या लेखी 'आत्ता' म्हणजे 'बहुधा नाहीच' असं होऊन बसतं. पुढच्या वेळी तो वाटही पाहत नाही.

तेव्हा या रविवारी एक प्रयोग करा. घड्याळ आणि वही घेऊन बसा. घरातल्या प्रत्येकाचं 'आत्ता', 'आलोच' आणि 'पाच मिनिटांत' प्रत्यक्षात किती मिनिटांचं असतं ते लिहून काढा. आईबाबांचीही नोंद करायची बरं का! मात्र वहीत पहिलं नाव स्वतःचं लिहा.

आणि हा प्रयोग कधी सुरू करणार? 'सून' म्हणालात तरी चालेल, पण हजार वर्षांपूर्वीच्या अर्थाने!