सोयाबीनचे बियाणे : मागणीचा अंदाज आणि उत्पादनाचे नियोजन

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस आणि आसपासच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात मृगाचा पाऊस समाधानकारक झाला, की कृषी सेवा केंद्रांपुढे बियाण्याच्या पिशव्यांसाठी गर्दी होऊ लागते. वाफसा आल्यापासून पेरणीला सोयीचे दिवस मिळतात ते आठ-दहाच. कोणते वाण पेरावे, किती एकर सोयाबीन आणि किती कापूस, याचा शेवटचा निर्णय बहुसंख्य शेतकरी याच दिवसांत घेतात. परंतु ज्या पिशवीसाठी ते रांगेत उभे राहतात, ती भरण्याचा निर्णय तीन वर्षांपूर्वीच झालेला असतो.

कोणत्याही कारखान्यात मालाची निर्मिती दोन रीतींनी होऊ शकते. मागणीचा अंदाज बांधून माल आधी तयार करावा आणि गोदामात साठवावा, ही एक रीत. मागणी हाती आल्यावर माल तयार करावा, ही दुसरी. ताडकळसच्या बाजारातील शिंपी गिऱ्हाईक आल्यावर कापड बेततो. तयार कपड्यांचा दुकानदार मात्र दिवाळीच्या आधीच माल भरून ठेवतो. बियाण्याला दुसरी रीत मुळीच लागू पडत नाही, आणि सोयाबीनच्या बाबतीत पहिलीही पुरतेपणी लागू पडत नाही. या पिकाच्या बियाण्याचे नियोजन अवघड होते ते यामुळेच.

प्रमाणित बियाण्याची साखळी तीन पायऱ्यांची असते. वाण ज्यांनी विकसित केले त्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली पैदासकार बियाणे तयार होते. त्यापासून पुढील हंगामात पायाभूत आणि त्याच्याही पुढील हंगामात प्रमाणित बियाणे मिळते. पिशवीवरील खूणचिठ्ठीचा रंग अनुक्रमे सोनेरी पिवळा, पांढरा आणि निळा असतो. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस १६२, एमएयूएस ६१२ असे सोयाबीनचे वाण दिले आहेत. त्यांचे बियाणे मोठ्या प्रमाणावर वाढवून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविण्याच्या कामात १९७६ साली स्थापन झालेल्या आणि अकोला येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाचा, म्हणजेच महाबीजचा, वाटा मोठा आहे. हे बियाणे बीजोत्पादक शेतकऱ्यांच्या शेतात पिकते. प्रक्रिया केंद्रात त्याची स्वच्छता, प्रतवारी व तपासणी होते.

आठ हेक्टरांचा हिशेब

ही साखळी किती नाजूक आहे, हे एका ढोबळ उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, एखाद्या भागात सोयाबीनखाली एक लाख हेक्टर क्षेत्र आहे. शिफारशीप्रमाणे शेतकऱ्याने दर तीन वर्षांनी बियाणे बदलले, तर दरवर्षी एक तृतीयांश क्षेत्राला नवे प्रमाणित बियाणे लागेल. हेक्टरी ७५ किलोप्रमाणे ते २५,००० क्विंटल होते. बीजोत्पादनाच्या शेतातून प्रक्रियेनंतर हेक्टरी १२ क्विंटल बियाणे हाती येते असे धरले, तर त्यासाठी सुमारे २,०८३ हेक्टर क्षेत्र लागते. त्या क्षेत्राच्या पेरणीला १,५६२ क्विंटल पायाभूत बियाणे हवे. ते १३० हेक्टरांवर तयार होईल. त्या १३० हेक्टरांना ९८ क्विंटल पैदासकार बियाणे लागेल, आणि ते पिकेल अवघ्या आठ हेक्टरांवर.

एक लाख हेक्टरांच्या बियाणे-पुरवठ्याचे मूळ अशा रीतीने आठ हेक्टरांत असते. त्या ठिकाणी दोन हेक्टर कमी पेरले गेले, तर तीन वर्षांनी पाव भागाचा तुटवडा येतो, आणि तोवर तो भरून काढण्याचा उपाय कोणाच्याही हाती उरलेला नसतो. पैदासकार बियाण्याची मागणी राज्यांकडून केंद्र सरकारच्या कृषी मंत्रालयामार्फत आगाऊ नोंदविली जाते, ती यासाठीच.

आता या तीन वर्षांत काय काय घडू शकते ते पाहावे. २०२४ च्या खरिपात विकले गेलेले प्रमाणित बियाणे २०२३ मध्ये पिकले, त्याचे पायाभूत बियाणे २०२२ मध्ये, आणि पैदासकार बियाणे २०२१ मध्ये. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलमागे दहा हजार रुपयांच्या घरात गेला होता. २०२४ चे पीक बाजारात आले तेव्हा बाजारभाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्याही खाली होता. शेतकऱ्याचा कल भावाप्रमाणे बदलतो. साखळी मात्र एकदा चालू झाली की मध्येच वळविता येत नाही.

साठविता न येणारा माल

अंदाज चुकला तरी शिल्लक माल पुढच्या वर्षी विकता येईल, हा आधार पुष्कळ कारखान्यांना असतो. संकरित कापसाच्या बियाण्याबाबतही तो काही अंशी असतो, कारण योग्य साठवण केल्यास ते दुसऱ्या हंगामापर्यंत टिकते. सोयाबीनचे तसे नाही. दाण्याचे कवच पातळ, तेलाचे प्रमाण अधिक, आणि अंकुर कवचालगतच असल्याने पोते उंचावरून आपटले तरी उगवणशक्ती घटते. म्हणूनच मळणी यंत्राचे फेरे मर्यादित ठेवावेत, थप्पी सात फुटांपेक्षा उंच करू नये, अशा सूचना दिल्या जातात. प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवण आवश्यक असते. अन्य पिकांत ही मर्यादा बहुधा याहून वरची आहे.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीच्या वेळी झालेल्या अवकाळी पावसाने राज्यातील सोयाबीन भिजले. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यासह राज्यभरातून बियाणे उगवले नसल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. ज्यांना दुबार पेरणी करावी लागली, त्यांचा बियाणे, खत व मजुरीचा खर्च तर गेलाच, शिवाय पेरणीचे मोलाचे दिवसही गेले.

या अनुभवानंतर उन्हाळी बीजोत्पादनाला चालना देण्यात आली. नियोजनाच्या दृष्टीने हा मार्ग मोलाचा आहे. खरिपाचे बियाणे कसे हाती आले हे डिसेंबरपर्यंत कळते. तूट असेल तर त्याच सुमारास पेरणी करून पावसाळ्याच्या तोंडावर ताजे बियाणे मिळविता येते. अर्थात त्याला पाणी हवे. ज्या शिवारांना पूर्णा प्रकल्पाचे किंवा विहिरीचे पाणी मिळते, तेथेच हे शक्य आहे. पेरणी लांबली तर दाणे भरण्याच्या काळात उन्हाचा ताप बसून दाणा बारीक राहतो. त्यामुळे खरिपाच्या बीजोत्पादनाची जागा उन्हाळी बीजोत्पादन घेऊ शकणार नाही. ते हाताशी ठेवण्याचे राखीव साधन आहे.

दुसरा उपाय प्रक्रिया केंद्रातील आहे. सगळे बियाणे एकदम औषध लावून पिशव्यांत भरू नये. बुरशीनाशक लावलेले बियाणे शिल्लक राहिले तर ते तेलगिरणीला देता येत नाही. औषध न लावलेले देता येते. म्हणून निश्चित मागणीपुरते बियाणे आधी तयार करावे आणि उरलेले केवळ स्वच्छ करून ठेवावे. शेवटची प्रक्रिया तालुक्यांतून मागणीचे आकडे आल्यावर करावी. आधीच्या पायऱ्या अंदाजावर आणि शेवटची पायरी मागणीवर, असा हा मेळ आहे.

विक्री म्हणजे मागणी नव्हे

अंदाज बांधताना मागील तीन वर्षांच्या विक्रीची सरासरी घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. ती सोपी आहे, परंतु फसवी आहे. ताडकळसमध्ये एखाद्या वाणाच्या ३०० पिशव्या आल्या आणि त्या दोन दिवसांत संपल्या, तर नोंद ३०० ची होते. रिकाम्या हाताने परत गेलेल्या शेतकऱ्यांची नोंद कोठेच होत नाही. पुढील वर्षीही ३०० पिशव्याच येतात, आणि तुटवडा कागदावर कधी दिसतच नाही. शिल्लक मालाचा तोटा उत्पादक संस्थेच्या हिशेबात ठळकपणे उमटतो. तुटवड्याचा तोटा शेतकऱ्याच्या घरात मुरतो. हाती असलेल्या आकड्यांवरच अवलंबून राहणारा नियोजनकर्ता त्यामुळे नकळत कमी अंदाजाकडे झुकतो.

याला उत्तर गावातच मिळण्यासारखे आहे. ग्रामपंचायत सदस्य आणि कृषी विभागाचे गावपातळीवरील कर्मचारी यांनी मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : घरचे बियाणे किती राखले आहे, ते कोणत्या वाणाचे व किती वर्षांचे आहे, आणि गेल्या हंगामात हवे असलेले वाण मिळाले होते काय. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही विक्री-नोंदवहीत सापडणार नाही. एकाच आकड्याऐवजी पाऊस वेळेवर आला तर किती, आणि जुलैपर्यंत लांबला तर किती, असे दोन आकडे वर पाठविले तर ते अधिक उपयोगी पडतील. कारण पाऊस लांबला की मूग-उडदाचे क्षेत्र सोयाबीन व तुरीकडे वळते.

घरच्या बियाण्याची तपासणी शाळेच्या वर्गातही करता येते. सरसकट उचललेले १०० दाणे ओल्या गोणपाटात ओळीने ठेवून गुंडाळावेत, सावलीत ठेवून ओल राखावी आणि सहा-सात दिवसांनी सशक्त मोड आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा अधिक उगवले तर हेक्टरी ७५ किलो पुरे. ६० च उगवले तर त्याच प्रमाणात वाढवून साडेसत्त्याऐंशी किलो पेरावे. त्याहून कमी असल्यास ते पेरणीसाठी वापरू नये आणि त्या घराची गणना बियाणे विकत घेणाऱ्यांत करावी. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ही चाचणी झाली, तर खरीपपूर्व आढावा बैठकीसाठी गावाचा आकडा तयार असेल आणि प्रक्रिया केंद्रात औषध न लावता ठेवलेल्या बियाण्याचे काय करावयाचे, हे ठरविण्यास महिनाभर हाती राहील.