टिटवीचीं अंडीं आणि पेरणीचा अदमास

टिटवी उघड्या जमिनीवर अंडीं घालते, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. मुरमाड माळावर, नांगरटींत किंवा नदीच्या गोट्यांत उथळ खळगा व भोंवतीं चार खडे, एवढेंच तिचें घरटें. परंतु अलीकडे ती घरांच्या गच्च्यांवरही अंडीं घालूं लागली असून, देशांत अनेक ठिकाणीं पक्षिनिरीक्षकांनीं तशा नोंदी केल्या आहेत. चाळीसगांवीं आमच्या गच्चीवर यंदा एप्रिलअखेर एका जोडप्यानें चार अंडीं घातलीं.

ही वार्ता आळींत पसरतांच जो तो विचारूं लागला, "भाऊसाहेब, टिटवी वर चढली, आतां पाऊस दांडगा ना?" टिटवीनें उंचावर अंडीं घातलीं तर पाऊस भरपूर, नदीपात्रांत घातलीं तर तुटीचा, ही समजूत जुनी आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनींही पशुपक्ष्यांवरून पावसाचे अदमास बांधण्याच्या लोकसमजुती आपल्या लेखनांत नोंदविल्या आहेत. समजूत नोंदवावी हें योग्यच. पण शेजारच्या दोघां खातेदारांनीं तिच्या भरंवशावर कपाशीची धूळपेरणी करण्याचें मनांत घेतलें, तेव्हां प्रश्न बियाण्याच्या पैशाचा झाला.

त्याच सुमारास तितूर नदीच्या वाळूंत दुसरें एक जोडपें अंड्यांवर बसलें होतें. गच्चीवरची खरी मानावी कीं नदींतली? महसूल खात्यांत एकाच जमिनीचे दोन उतारे परस्परविरुद्ध निघाले म्हणजे जागेवर जाऊन पाहणी करावी लागे. तशी गच्चीची पाहणी केली. बांधकामांतून उरलेली बारीक खडी तेथें पसरलेली, कठडा उंच, कुत्रें किंवा मुंगूस चढण्यास वाट नाहीं. घरामागील पडीत जागा, जेथें पूर्वीं टिटव्या असत, तेथें आतां घरें झालीं आहेत. एवढ्यानें उलगडा होतो. शिवाय, ३०–३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टींत तितूर व डोंगरी नद्यांच्या पुरानें या तालुक्याचें अतोनात नुकसान झालें. असा पाऊस कोणत्या दिवशीं कोसळेल, हें उन्हाळ्यांत घातलेल्या अंड्यांनीं काय सांगावें! टिटवी समुद्र आटविते अशी म्हण आहे खरी, पण पाऊस आणण्याचें काम तिच्याकडे नाहीं.

खरें नवल निराळेंच आहे. मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४–४५ अंशांवर जातो. त्या वेळीं टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्याकरितां नव्हे, तर सावली धरण्याकरितां. नर व मादी पाळीपाळीनें बसतात. पाण्याशीं जाऊन पोटाचीं पिसें भिजवावयाचीं आणि परत येऊन त्या ओल्या पिसांनीं अंडीं गार करावयाचीं, असा त्यांचा क्रम. शास्त्रज्ञांनींही या पक्ष्याची ही रीत नमूद केली आहे. गुरांच्या हाळावर दुपारीं एक ते तीन या वेळांत मीं अशा पांच खेपा मोजल्या. अठ्ठाविसाव्या दिवशीं तीन पिलें निघालीं. चौथें अंडें वांझ ठरलें. दुसऱ्या सकाळीं आईबाप खालीं उतरून हांका मारूं लागले, आणि तीं कापसाच्या बोंडाएवढीं पिलें कठड्याच्या पाणवाटेंतून एकामागून एक उडी टाकतीं झालीं. खालीं गवत पसरून ठेविलें होतें. तिन्ही चालत गेलीं.

शेजाऱ्यांपैकीं एकानें ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरावें हा कृषिखात्याचा सल्ला मानून बियाणें घरांत ठेविलें आहे. दुसऱ्यानें पेरलें असून तो रोज आभाळाकडे पाहत आहे.

रानांत अंडीं असतील तर ट्रॅक्टरवाल्यास तीं दिसत नाहींत, मातींत मिसळून जातात. टिटवी पंख पसरून यंत्रासमोर उभी राहिली कीं थांबावें, जागा शोधून तुरकाठी रोवावी व भोंवतीं हातभर जमीन सोडावी. महिन्याभरांत ती मोकळी होते, आणि टिटवी शेतांतील किडे, भुंगेरे व अळ्या वेंचीत त्याच शिवारांत राहते.