कमी पगार, लोखंडी बूट आणि तरी खूश!

एसीत बसून सोमवारची भीती वाटणाऱ्यांनो, जरा लातुरात डोकावा. माझा मावसभाऊ इथं साइट इंजिनिअर आहे. सकाळी आठला हजर, रविवारची गॅरंटी नाही आणि स्लॅब टाकायचा असेल तर रात्रही साइटवरच. वर्गातले बरेच जण पुण्याला आयटीत गेले. त्यांच्या पॅकेजचा विषय निघाला की मावशी उसासा टाकते, हा मात्र मजेत. मला आधी वाटलं, पोझ मारतोय!

कारण साइटवर कळलं. आदल्या दिवशी सळई तपासताना त्याला एका बीममध्ये रिंगा लांब-लांब दिसल्या. त्यानं काँक्रीट थांबवलं. ठेकेदार भडकला, तारीख पुढं गेली. पण साहेबांनी फोनवर याचीच बाजू घेतली. ते सांगताना त्याचा चेहरा इन्क्रिमेंट मिळाल्यासारखा फुलला होता.

या जिल्ह्यात अशा ‘नाही’ला वजन आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसं गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाच्या मातीचं ओझं. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू बांधून ठेवणारे आरपार दगडच नसल्यानं भिंती उभ्या फाटल्या. पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं. ५२ गावं नव्या जागी वसली. इतर गावांत लाखाहून जास्त घरं लोकांनी स्वतः दुरुस्त आणि मजबूत करून घेतली. तिथं ज्युनिअर इंजिनिअरनं काम तपासायचं, मगच पुढचा हप्ता. पंचविशीतल्या पोरांच्या सहीवर एखाद्या घराचं छप्पर अडायचं! तोवर हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जायचा; २००२ च्या सुधारित मानकात तो झोन तीनमध्ये गेला.

म्हणून सगळं गोड आहे असं नाही हं. बिल अडकलं की पगार लांबतो. बऱ्याच साइटवर मुलींसाठी धड टॉयलेट नसतं. त्यांना पॅशनची लेक्चर्स कुणी देऊ नयेत. आणि जिथं साहेब ठेकेदाराची बाजू घेतात, तिथली पोरं वर्षभरात स्पर्धा परीक्षेच्या क्लासला दिसतात.

साइटच्या इंटरव्ह्यूला जाणार असाल तर पगाराची तारीख विचाराच. सोबत हेही विचारा, काँक्रीट थांबवायचा अधिकार कुणाला? मावसभाऊ म्हणतो, उत्तर द्यायला समोरचा किती वेळ घेतो, ते घड्याळात बघायचं.