आम्ही वाचलेली चार पुस्तके



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, खोडकीड आणि खोडव्याची खते यांवर लिहितो. आज विषय वेगळा आहे. गाळप आटोपले की संध्याकाळी दोन घटका मोकळ्या मिळतात, त्या आम्ही वाचनात घालवतो. नुकतीच वाचलेली चार पुस्तके शेतकऱ्याच्या घरचीच आहेत. त्यांबद्दलचे आमचे मत सांगतो. पटले तर घ्यावे.

पहिले, महात्मा फुल्यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’. लिहिले १८८३ साली. नावावरून हे नुसते कोरडे ओढणारे पुस्तक वाटते, पण तसे नाही. ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी शिवारात मुरवा, वाहून जाणारी माती अडवा, जनावरांची पैदास सुधारा, असे फुले त्यात सांगतात. आज आम्ही बांधावर उभे राहून दुसरे काय सांगतो? भाषा जुनी आहे, वाचताना थोडे अडखळायला होते. पण नेट धरावा.

दुसरे, आनंद यादवांची ‘गोतावळा’ ही १९७१ सालची कादंबरी. नारबा हा सालगडी. मालकाकडे ट्रॅक्टर येतो आणि नारबाचा जनावरांचा गोतावळा उठतो. बोली कोल्हापूरकडची, तरी आपल्याकडच्या माणसाला कळते. यंत्राचा प्रचार हे तर आमचे कामच, आणि ट्रॅक्टरने नांगरट सोपी झाली हेही खरे. पण आपल्या आखरावरचा नारबा मग कुठे जातो, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही. यंत्र घेताना त्या माणसाला दुसरे काम काय देणार, हेही ठरवले पाहिजे, असे आमचे मत झाले.

तिसरे, विश्वास पाटलांचे ‘झाडाझडती’ (१९९१). धरणात गेलेल्या माणसांची ही परवड. पुस्तक मोठे आहे, काही ठिकाणी लांबल्यासारखेही वाटते. पण उसाच्या शेतकऱ्याने ते वाचलेच पाहिजे. पैनगंगेवरच्या ईसापूर धरणाच्या पाण्यावर उमरखेडकडे ऊस उभा राहतो. त्या पाण्याखालीही कुणाची घरे, कुणाची काळी जमीन गेली आहे. रात्री मोटार चालू करून सरीत पाणी मोकाट सोडताना हे आठवावे. ठिबक बसवायला आमच्या दहा बैठकांपेक्षा हे पुस्तक अधिक उपयोगी पडेल.

चौथे, बुलढाण्याच्या सदानंद देशमुखांचे ‘बारोमास’ (२००२). त्याला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ आणि त्याचे कोरडवाहू घर. पुस्तक वाट दाखवत नाही, ही तक्रार खरी आहे. पण घर आतून कसे खचते ते इतके स्वच्छ दुसरीकडे आम्ही वाचले नाही. यवतमाळला जानेवारी २०१९ मध्ये साहित्य संमेलन भरले, तेव्हा उद्घाटन शेतकरी आत्महत्येत पती गमावलेल्या एका भगिनीच्या हस्ते झाले. आपल्या जिल्ह्याला हे दुःख नवे नाही. म्हणून सांगतो, हे पुस्तक खचलेल्या माणसाच्या हाती एकट्याने देऊ नका. घरात, चार जणांत वाचा आणि त्यावर बोला. कर्जाची गोष्ट मनात कोंडून ठेवण्यापेक्षा ती माजघरात बोललेली बरी.

तालुक्याच्या वाचनालयात ही पुस्तके मागावीत. लागवडीच्या नोंदीला आम्ही गावी येऊच, तेव्हा ऊस दाखवा आणि काय वाचलं तेही सांगा. आमचे मत पटले नसेल, तर तेही बिनधास्त बोला.