लाळग्रंथी येते डोळ्याच्या मदतीला

लाळेने डोळा ओला ठेवणारी ही शस्त्रक्रिया कोणासाठी? स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (त्वचा व आतल्या अस्तरांची तीव्र प्रतिक्रिया) किंवा रसायनाने भाजल्यामुळे डोळ्यात व्रण पडून अश्रू आटलेल्या, नुसत्या थेंबांनी न भागणाऱ्या रुग्णांसाठी.

छोटी शस्त्रक्रिया : ओठाच्या आतल्या सूक्ष्म लाळग्रंथी अस्तरासह काढून पापणीच्या आतल्या बाजूस बसवतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत ती केली जाते.

मोठी शस्त्रक्रिया : जबड्याखालची ग्रंथी कानशिलात हलवून रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात, तिची नलिका वरच्या पापणीआड उघडते. स्पेनचे नेत्रतज्ज्ञ मुरुबे देल कास्तियो यांनी १९८६मध्ये ही पद्धत मांडली.

मर्यादा : लाळेत अश्रूंपेक्षा क्षार कमी असतात. मोठ्या ग्रंथीमुळे कधी डोळा वाहतो. शोग्रेन आजारात लाळग्रंथीच बिघडलेल्या असतात, त्यामुळे आधी त्यांची तपासणी आवश्यक.