फाळक्याला टाका

आमच्या बचत गटाच्या बैठकीत वर्षातून एकदा तरी हा विषय निघतोच, की यंदा बायकांसाठी कोणता क्लास घ्यायचा? उत्तरंही ठरलेली असतात. शिवण, मेंदी, केक, पार्लर, फार तर कागदी पिशव्या. डोंबिवलीत एकेका गल्लीत चार ब्लाउज शिवणाऱ्या आणि तीन पार्लरवाल्या झाल्यात. मग एकमेकींचे भाव पाडण्यावाचून दुसरं काय होणार? अशाच एका बैठकीत मागे बसलेली एक जण म्हणाली, ‘‘ताई, मला वेल्डिंग शिकायचंय.’’ सगळ्या हसल्या. ती मात्र हसली नाही.

तिचं नाव मी देत नाही, कारण तिनंच नको म्हटलंय. कल्याणहून भिवंडीकडे निघालं, की दुर्गाडीचा पूल ओलांडल्यावर कोन गाव लागतं आणि पुढे राजनोली नाका. भिवंडीच्या गोदामांत माल आणणारे-नेणारे ट्रक या भागात रात्रंदिवस चालू असतात. ट्रक आले म्हणजे त्यांची दुखणीही आली. फाळक्याची बिजागरी तुटते, हौद्याचा पत्रा पावसात सडतो, मागच्या बंपरला कुणीतरी ठोकून जातं. त्यातून ट्रकचं पासिंग असतं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी गाडी तपासून घ्यावी लागते, त्यामुळे त्याआधी बॉडीची डागडुजी आलीच. तिच्या नवऱ्याचं या रस्त्याला बॉडी दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, आणि पाठीमागे लागूनच राहत्या दोन खोल्या.

मी तिला विचारलं, ‘‘तू दुकानात काय करतेस?’’ तर म्हणाली, ‘‘काही नाही, ह्यांना मदत.’’ ही मदत काय ते मी एक दिवस तिथं बसून पाहिलं. नवऱ्याचं वेल्डिंग झालं, की त्यावरची मळी हातोडीनं ठोकून काढायची, तारेच्या ब्रशनं घासायचं, रेड ऑक्साइड मारायचा. तो टाका मारत असताना लोखंडी अँगल काटकोनात घट्ट धरून उभं राहायचं. रॉड संपले की आणायचे, पावती फाडायची, पैशांसाठी फोनही तिनंच करायचे. एवढं सगळं करून तिच्या हिशेबात ते काम नव्हतंच, कारण होल्डर तिच्या हातात नव्हता.

मग नवऱ्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं. दोन महिने वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. रोजंदारीवर एक वेल्डर ठेवला, तर दुकानात येणारे पैसे त्याच्या हजेरीतच जाऊ लागले, आणि तो दोन दिवस आला की तिसऱ्या दिवशी दांडी! तेव्हा हिनं ठरवलं, की हे आपणच शिकायचं.

मी आधी तिच्यासाठी एका खासगी क्लासमध्ये चौकशी केली. ‘लेडीजची बॅच होत नाही’ असं उत्तर मिळालं. शेवटी नवराच गुरू झाला. तो खुर्चीवर बसून सांगायचा आणि ही भंगारातल्या तुकड्यांवर गिरवायची. पहिले चार-पाच दिवस फक्त रॉड पेटवणं. काडेपेटीवर काडी ओढावी तसा रॉड पत्र्यावर ओढायचा आणि लगेच जरासा उचलायचा. उचलला नाही तर चिकटून बसतो, जास्त उचलला तर विझतो. मधलं अंतर साधारण रॉडच्या जाडीएवढं, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. रॉड जळून आखूड होत जातो, तसा हातही खाली नेत राहावं लागतं. नीट जमलं की आवाज बदलतो. ती म्हणते, ‘‘तापलेल्या तेलात भजी सोडल्यावर येतो ना, तसा एकसारखा आवाज आला की समजायचं, बरोबर चाललंय.’’

टाका मारणं मात्र तिला एका दिवसात समजलं. लांब पत्रा एका टोकापासून सलग वेल्ड करत नेला, तर उष्णतेनं तो ओढला जातो आणि वाकडा होतो. म्हणून आधी थोड्या थोड्या अंतरावर एकेक टाका मारून जागा पक्की करायची आणि मगच अंतर सोडून सोडून वेल्ड भरायचं. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला आणखी काय सांगायला हवं? कच्चा टाका घालून मग मशीन मारायची, हे तर ती पंधरा वर्षं करतच होती. पावसाळ्यात रॉडला ओल लागली की वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात, हेही तिला पटकन पटलं. आता रॉड पापडासारखे घट्ट झाकणाच्या डब्यात असतात.

पूर्वीचं ट्रान्सफॉर्मरचं मशीन हलवायला दोन माणसं लागायची. आता इन्व्हर्टरचं छोटं मशीन एका हातानं उचलता येतं. त्यामुळे ‘हे बाईमाणसाच्या ताकदीचं काम नाही’ हा मुद्दा निदान मशीनपुरता तरी निकालात निघाला.

पण मैत्रिणींनो, ‘घरी शिकली’ एवढंच वाचून कुणी उद्या मशीन आणायला निघू नका. या कामातले धोके मी तिच्याकडून, तिच्या नवऱ्याकडून आणि आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून समजून घेतले. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिणं मला योग्य वाटत नाही.

पहिली गोष्ट डोळ्यांची. वेल्डिंगच्या प्रकाशात अतिनील किरण असतात. नुसता काळा गॉगल चालत नाही, दहा किंवा अकरा नंबरची काच असलेलं पूर्ण तोंड झाकणारं शील्ड लागतं. बघताना काही वाटत नाही. सहा-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. आपल्याकडे अशा वेळी बटाट्याच्या चकत्या, दूध, गुलाबपाणी असं सगळं घालून होतं. डॉक्टर म्हणतात, काही घालू नका, चोळू नका, दाखवायला या. बहुतेकदा एक-दोन दिवसांत बरं वाटतं. दुकानातून उचललेले बधिर करणारे थेंब मात्र अजिबात घालायचे नाहीत, त्यानं बुबुळाची इजा वाढते. घरी वेल्डिंग करणारीनं आणखी एक लक्षात ठेवायचं. तिच्या तोंडावर शील्ड असतं, दारात उभ्या पोरांच्या तोंडावर नसतं. म्हणून तिनं शेडला जाड ताडपत्रीचा आडोसा केलाय, आणि ठिणग्या तिच्यापर्यंत जाणार नाहीत इतकी ती लांब बांधलीय.

दुसरी गोष्ट धुराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला. म्हणजे बंद खोलीत, स्वयंपाकघराला लागून हे काम करायचंच नाही. उघडी हवा, धूर तोंडावरून न जाता बाजूला जाईल अशी बसायची जागा आणि योग्य मास्क एवढं हवंच. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तसाच वेल्ड केला, तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. घरच्यांना वाटतं मलेरिया! त्यावर गूळ-दूध देण्याची पद्धत आहे, पण जस्त आधी घासून काढणं आणि तो धूर छातीत न घेणं हाच खरा उपाय.

कपड्यांचं तर आपल्यालाच जास्त सांगायला हवं. नायलॉनची साडी, सिंथेटिक ओढणी ठिणगीनं पेटते आणि वितळून अंगाला चिकटते. ती आता नवऱ्याचा जुना जाड सुती शर्ट, सुती पँट, बंद बूट आणि चामड्याचे हातमोजे घालते. हातातल्या धातूच्या बांगड्या काढते. मंगळसूत्रावरून घरात दोन दिवस वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, काढायचं नाही. नवरा म्हणाला, लोंबतं ठेवून वाकायचं नाही. शेवटी ते शर्टाच्या आत आणि गळ्यापर्यंतची बटणं बंद, यावर तडजोड झाली. मला विचाराल तर कामापुरतं काढून ठेवलं तरी काही बिघडत नाही, पण मी त्या घरात बोलले नाही.

ट्रकच्या बॉडीचे म्हणून काही वेगळे नियम आहेत आणि तिला ते पाठ आहेत. वेल्डिंग सुरू करण्याआधी बॅटरीच्या वायरी सोडवायच्या. अर्थिंगचा चिमटा जिथं वेल्ड करायचं त्याच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट भलत्याच वाटेनं, बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून जातो. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा गाड्या आल्या. त्यांत इलेक्ट्रॉनिक भाग पुष्कळ आणि महागडे. एक जळला तर महिन्याची कमाई गेली. चॅसीला, म्हणजे ज्यावर सगळी गाडी उभी असते त्या दोन लांब पट्ट्यांना, वेल्डिंग करायचंच नाही. ते पोलाद खास ताकदीचं असतं, वेल्डच्या उष्णतेनं त्या जागी कमजोर होतं आणि पुढे तिथंच तडा जातो. ड्रायव्हर घाई करतात, ‘मार दो ना दो टाका’ म्हणतात. ती नाही म्हणते. डिझेलच्या टाकीला किंवा टँकरलाही हात लावत नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा भयंकर, कारण आत वाफ साठलेली असते. हौद्याच्या लाकडी फळ्यांजवळ काम असेल तर पाण्याची बादली भरून ठेवायची, आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी लक्ष ठेवायचं. लाकूड आतल्या आत धुमसत राहतं.

विजेचंही एक आहे. घराच्या मीटरवर धंद्याचं वेल्डिंग चालवणं हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दरानं होते. त्यांनी दुकानाचं मीटर वेगळं घेतलंय. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर, ओल्या हातानं मशीनला हात नाही, हा नियम सासूबाईसुद्धा पाळून घेतात.

मुलींनी वेल्डिंग करणं आपल्या महाराष्ट्रात तसं नवंही नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून हे गृहस्थ खेड्यात गेले. तिथल्या अभ्यासक्रमात मुलगे आणि मुली सगळं शिकतात. मुली वेल्डिंग करतात, मुलगे स्वयंपाक आणि आरोग्याचे धडे घेतात. कलबाग २००३ साली गेले, आश्रम चालू आहे. एसटीच्या आगारांतही आयटीआय शिकलेल्या मुली पाना घेऊन काम करताना दिसतात.

परदेशात तर दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेल्यावर अमेरिकेतल्या गोद्यांमध्ये हजारो बायकांनी जहाजं वेल्ड केली. लंडनच्या वॉटर्लू पुलावरही बायका राबल्या. १९४५ साली पुलाचं उद्घाटन झालं, तेव्हा भाषणात कौतुक झालं ते तो बांधणाऱ्या पुरुषांचं. तिथल्या वेल्डर बायकांचे फोटो कित्येक दशकांनी उजेडात आले. हे वाचलं तेव्हा मला कोनमधली ‘ह्यांना मदत’ आठवली.

ती आता फाळके, बिजागऱ्या, हौद्याचे पत्रे, शिड्या अशी कामं एकटीनं करते. ड्रायव्हर आधी विचारायचे, ‘‘मिस्त्री किधर है?’’ ही शील्ड वर करून म्हणायची, ‘‘मीच.’’ काही जण थांबून बघत बसायचे, काही जण निघून जायचे. एकानं काम झाल्यावर कमी पैसे पुढे केले, बाईनं केलंय म्हणून. तिनं त्याला सांगितलं, ‘‘रॉडवाला मला बाई म्हणून स्वस्तात देत नाही.’’ पूर्ण पैसे घेतल्यावरच तिनं त्याच्या हातात पावती दिली. नवरा आता बरा झालाय, पण वाकून करायची कामं तिच्याकडेच राहिली. महिन्याच्या हिशेबात तिनं स्वतःची हजेरी वेगळी लिहायला सुरुवात केलीय. त्यावरून घरात थोडी कुरबूर झाली, पण वहीतला तो रकाना काही तिनं खोडला नाही.

घरी शिकून हात बसतो, पण कारखान्यात नोकरी हवी तर कागद लागतो. आयटीआयचा वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे. मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात आणि वयाची वरची अट नाही, म्हणजे चाळिशीतली बाईसुद्धा अर्ज करू शकते. ठाणे, अंबरनाथ आणि उल्हासनगरला सरकारी आयटीआय आहेत. दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन अर्ज सुरू होतात, तेव्हा वेल्डरच्या जागा कुठं किती ते बघून घ्यायचं. काम आधीच येणाऱ्यांसाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. तिचे कागद त्यासाठी गोळा करायचं काम सध्या माझ्याकडे आहे. जन्मदाखल्यावरचं आणि आधार कार्डावरचं नाव जुळत नाही, म्हणून तहसीलदार कचेरीत दोन खेपा झाल्यात.

आमच्या गटातल्या दोघींच्या मुली यंदा वेल्डरसाठी अर्ज भरणार आहेत. एकीचे वडील अजून फॅशन डिझायनिंगवर अडून बसलेत. त्यांना घेऊन मी येत्या रविवारी कोनला जाणार आहे.